कुटुंब एक्केचाळीस

आमच्या सरांना आम्ही त्रिकोण म्हणतो. म्हणजे पाठीमागे. तोंडावर अर्थातच सर. कुठलीही मीटिंग असो, अगदी लिफ्ट बंद आहे म्हणून बोलावलेली असली तरी, सर उठतात, फळ्यावर त्रिकोण काढतात आणि त्याच्या तीन टोकांना लिहितात : संशोधन, प्रशिक्षण, रुग्णसेवा. मग बरोबर मधोमध बोट टेकवून म्हणतात, "आपण इथे आहोत." एकदा मी विचारलं होतं, "सर, पेशंटला यात कुठे बसवायचं?" सगळे हसले. सरही हसले. 

मी रुग्णसेवेच्या टोकाला. तळमजला, खोली नंबर नऊ. ज्यांच्या घरात एखादा आजार पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, ती माणसं माझ्याकडे येतात. मी त्यांच्या घराण्याचं झाड कागदावर काढते. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, आजारी असेल तर आतून काळा. मग रक्त कुठे पाठवायचं, त्यात जनुकांचं काय वाचायचं, रिपोर्ट आला की त्याचा अर्थ काय, हे सगळं मी समजावते. बावीस वर्षं झाली. माझी नणंद म्हणते, "वहिनी, लोकांना धीर द्यायचं काम तुला कुणी दिलं गं? तू तर दूध उतू गेलं तरी शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं ओरडतेस." खरंय. मी लवकर भडकते. पण पेशंटवर कधी भडकले नाही, हे लिहून ठेवा.

तर त्या सोमवारी मी वर्गात मागच्या बाकावर बसले होते. दर सोमवारी अकरा वाजता शिकाऊ डॉक्टरांचा वर्ग असतो आणि रुग्णसेवेच्या माणसाने तिथे बसलंच पाहिजे. का? त्रिकोण! खाली माझ्या दारात नऊ पेशंट ताटकळत होते आणि मी पडद्यावरची चित्रं बघत बसले होते. आमच्यातली एक शिकाऊ डॉक्टर, जिला सगळे चष्मिष म्हणतात, समोर उभी राहून वाचत होती.

"कुटुंब एक्केचाळीस. तीन पिढ्या. दोन्ही किडन्यांमध्ये पाण्याच्या गाठी होतात, चाळिशीच्या आसपास किडन्या निकामी. साध्या जनुक तपासणीत काही सापडलं नाही. मग संशोधन विभागाने नव्या पद्धतीने वाचलं, तेव्हा दोष सापडला. शिकण्यासारखं काय, तर साध्या तपासणीत सापडलं नाही म्हणजे दोष नाही, असं समजू नये."

मुलं माना डोलवत होती. मी पडद्याकडे बघितलं आणि माझं डोकंच फिरलं.

ते झाड माझ्या हातचं होतं. माझे गोल बटाट्यासारखे येतात, हे सगळ्या हॉस्पिटलला माहीत आहे. नावं काळ्या पट्ट्यांनी झाकली होती, अगदी नीट, एक अक्षर दिसत नव्हतं. पण डाव्या कोपऱ्यात कपाचा गोल डाग होता. चहाचा. दोन वर्षांपूर्वी माझ्याच टेबलावर पडलेला. समोर एक बाई रडायला लागली, म्हणून मी हातातला कप घाईघाईने त्या कागदावरच टेकवला होता.

ती बाई म्हणजे टेलरताई. कपडे उसवून बसते करून देण्याचं छोटं दुकान आहे तिचं. वय एकोणचाळीस. आई एक्केचाळिसाव्या वर्षी याच आजाराने गेली, तेव्हा धाकटी बहीण नऊ वर्षांची होती. तिला ताईनेच वाढवलं. धाकटी आता सत्तावीसची, मोटार चालवायला शिकवते. खुर्चीत बसली तरी तिचा उजवा पाय स्वस्थ नसतो. कुणी घाईने बोललं की जमिनीवर ब्रेक दाबते. ताईच्या किडन्या संपत आल्यात, आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त साफ करून घ्यावं लागतं. आणि धाकटी आपली एक किडनी ताईला द्यायला निघालीय. "तिने मला वाढवलं, मी तिला एक किडनी देणार, हिशेब कसला त्यात," असं म्हणायची.

पण देण्याआधी एक गोष्ट कळायला हवी होती. आईचा दोष धाकटीतही उतरलाय का? प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. सोनोग्राफीत तिच्या किडन्या स्वच्छ होत्या, पण या आजारात सत्ताविशीत स्वच्छ असलेली किडनी पस्तिशीत गाठींनी भरू शकते. मग एक काढून दिल्यावर उरलेल्या एकीवर तिने जगायचं कसं? म्हणून आधी ताईच्या रक्तात नेमका दोष शोधायचा आणि मग तेवढाच धाकटीत बघायचा. साध्या तपासणीला तो सापडेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच ताईचं रक्त वर तिसऱ्या मजल्यावर संशोधनाला पाठवलं. तेव्हापासून दोघी दर दोन महिन्यांनी येतात आणि विचारतात, "रिपोर्ट आला का, बाई?" आणि मी दर दोन महिन्यांनी सांगते, "अजून नाही."

शेवटी किडनीचे डॉक्टर कंटाळले. दोनदा सोनोग्राफी स्वच्छ आली, आता किती थांबायचं, म्हणाले. ऑपरेशन ठरलं. पुढच्या आठवड्यातला गुरुवार.

आणि इथे वर्गातल्या चौदा पोरांना उत्तर पाठ!

मी उठले. "अगं, हे कधीचं आहे?"

चष्मिष दचकली. "मॅडम, आठ महिन्यांपूर्वीचं. मागच्या बॅचलाही हेच शिकवलं होतं."

"आणि त्या कुटुंबाला कुणी सांगितलं?"

ती कागद चाळायला लागली, जणू तिथे लिहिलेलं असणार. "मॅडम, ते... आम्हाला कुटुंब कोण ते माहीत नसतं ना."

तिची काही चूक नव्हती. मी तिला काही बोलले नाही. दार मात्र जरा जोरात लागलं.

तिसऱ्या मजल्यावर फ्रीजवाले बसतात. संशोधन विभागाचे मुख्य. हजारो नमुने उणे ऐंशी डिग्रीत ठेवलेत आणि त्या फ्रीजच्या किल्ल्या कमरेला लावून फिरतात, म्हणून फ्रीजवाले. सभ्य माणूस आहे. मी सभ्यपणे सुरुवात केली नाही.

"अहो, कुटुंब एक्केचाळीस! आठ महिने तुमच्याकडे उत्तर आहे आणि तुम्ही मला कळवलं नाहीत?"

"कळवलं," ते म्हणाले.

"कुणाला? भिंतीला?"

"रुग्णसेवेला. सापडलं त्याच आठवड्यात. आमच्याकडे नाव नसतं, फक्त नंबर. नंबरावरून नाव तुमच्या कपाटातल्या वहीत. म्हणून तुम्हालाच कळवावं लागतं."

"मला काहीही आलेलं नाही!"

"मॅडम, मी स्वतः..."

"काहीही आलेलं नाही! गुरुवारी एका धडधाकट पोरीची किडनी काढणार आहेत. तुम्ही तुमचे फ्रीज सांभाळत बसा!" त्यांच्या दोन संशोधक मुली मान खाली घालून नळ्या मोजत होत्या. त्यांनाही ऐकू जावं म्हणून मी मुद्दाम वर बोलले. आज ते आठवलं की अंगावर शहारा येतो.

तिथून सरांकडे. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खडू उचलला.

"सर, त्रिकोण काढू नका," मी म्हटलं. "हात जोडते."

खडू खाली ठेवला त्यांनी, पण बोट हवेत फिरतच होतं. "बघा, संशोधनाने शोधलं. प्रशिक्षणाने शिकवलं. म्हणजे दोन बाजू उत्तम चालल्यात."

"तीन तिघाडा, काम बिघाडा! ज्यांना माहीत असायला नको त्या चौदा जणांना माहीत आहे आणि जिचं रक्त, तिला नाही!"

"तुम्ही चिडता फार," सर म्हणाले.

चिडू नको तर काय करू, आरती ओवाळू?

तरी कामाला लागले. संशोधनातलं उत्तर असंच्या असं पेशंटच्या हातात देता येत नाही; नवं रक्त घेऊन आमच्या रिपोर्ट देणाऱ्या प्रयोगशाळेत तेच पुन्हा तपासावं लागतं. मंगळवारी सकाळी दोघींना बोलावलं. इतकंच सांगितलं की दोष सापडल्यासारखा वाटतोय, खात्री करायचीय आणि धाकटीतही बघायचाय. धाकटीचा पाय जमिनीवर दाबला गेला. "पण गुरुवार कायम ना, मॅडम?" तिने विचारलं. मी म्हटलं, रिपोर्ट पुढच्या मंगळवारी येईल, तोवर काही बोलू नका. किडनीच्या डॉक्टरांना फोन केला, रिपोर्ट बघितल्याशिवाय ऑपरेशन करू नका म्हणून. ते म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं. म्हणाले, सही सरांची हवी. सर बाहेर व्याख्यानाला गेलेले. विषय : त्रिकोण. त्यांना व्याख्यानातून उठवून सही आणली.

मग शुक्रवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी पुरावा शोधायला बसले. फ्रीजवाल्यांचं तोंड एकदाचं बंद करायचं होतं. आठ महिन्यांतले सगळे मेल उघडून छापून त्यांच्या टेबलावर आपटायचे आणि म्हणायचं, दाखवा तुमचा तो मेल यात कुठे आहे ते. बघत गेले. नव्हताच. जानेवारीपासून आजपर्यंत एक ओळ नाही. मला असा काही आनंद झाला म्हणून सांगू!

छापायला देणार, तेवढ्यात डावीकडे लक्ष गेलं. तिथे एक कप्पा आहे, "प्रशिक्षण" नावाचा. मीच केलेला. सर आठवड्याला चाळीस मेल पाठवायचे, प्रशिक्षणाचं वेळापत्रक, प्रशिक्षणाचा फोटो, प्रशिक्षणात हातभार लावल्याबद्दल आभार. वैतागून मी मुलीकडून शिकून घेतलं होतं : ज्या मेलच्या मथळ्यात "प्रशिक्षण" असेल, तो आपोआप त्या कप्प्यात जाऊन पडावा. त्या कप्प्यात मी दीड वर्षात डोकावले नव्हते. चारशे बारा मेल, सगळे न उघडलेले.

आणि तेव्हा आठवलं. मागच्या वर्षी सरांनी नियम काढला होता. संशोधनात जे काही सापडेल ते वाया जाऊ नये, शिकवायलाही उपयोगी पडावं, म्हणून प्रत्येक निष्कर्षाचा मेल एकाच मथळ्याखाली तिन्ही विभागांना जावा. एका दगडात तीन पक्षी, म्हणाले होते. मी त्या मीटिंगमध्ये मोबाइलवर नणंदेला उत्तर देत होते.

खाली सरकत गेले. आठ महिने मागे. "प्रशिक्षण : कुटुंब ४१ : दोष सापडला." उघडला. फ्रीजवाल्यांचं नाव. खाली एक ओळ वेगळी, ठळक केलेली : "मॅडम, या घरात किडनी देण्याचा विचार चालू आहे असं तुमच्या चिठ्ठीत होतं. कृपया लवकर पुन्हा तपासून घ्यावं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि तो वळसा मी हॉस्पिटलभर बोंबलत घातला होता.

जेवणाचा डबा तसाच राहिला. तिसऱ्या मजल्यावर गेले. फ्रीजवाले त्याच खुर्चीत होते, त्या दोन मुलीही. मी सगळ्यांसमोर सांगितलं, मेल आला होता, मी उघडला नव्हता, माझं चुकलं. फ्रीजवाले उठून उभे राहिले. "मी एकदा फोन करायला हवा होता," म्हणाले. यापेक्षा त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सरांनाही सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. "हे पेशंटला सांगायची काय गरज? तांत्रिक कारणाने विलंब झाला, म्हणा. खोटं नाही ते."

"सर, मेल न उघडणं तांत्रिक कधीपासून झालं?"

"तुम्ही आता स्वतःवरही चिडायला लागलात," सर म्हणाले. माणूस वाईट नाही, पण कधीकधी खडू हिसकावून घ्यावासा वाटतो.

मला एकच गोष्ट खात होती. आमच्या हॉस्पिटलचा नियम आहे : घरात किडनी देणारं माणूस तयार असेल, तर पेशंटचं नाव बाहेरच्या किडनीच्या यादीत लावत नाहीत. धाकटी तयार होती, म्हणून ताईचं नाव आजतागायत यादीत नाही. आठ महिन्यांपूर्वी मी तो मेल उघडला असता, तर आठवड्यात धाकटीचाही रिपोर्ट कळला असता. तो वाईट निघाला असता, तर दुसऱ्याच दिवशी ताईचं नाव लागलं असतं. म्हणून मी तीन दिवस मनातल्या मनात एकच घोकत होते, धाकटीत दोष नसू दे. तिच्यासाठी तर होतंच. पण खरं सांगते, माझ्यासाठीही होतं.

मंगळवारी सकाळी नऊला रिपोर्ट आला. ताईत दोष आहे. धाकटीतही आहे.

मी आधी यादीच्या ऑफिसला फोन करून ताईचं नाव लावलं. दोन आकडे विचारले, कागदाच्या कडेला लिहून ठेवले आणि दोघींना आत घेतलं.

अशा वेळी आडवळणाने बोललं की माणसाचे हाल होतात, हे बावीस वर्षांत शिकलेय. धाकटीकडे बघून म्हटलं, "तुमच्यातही तोच दोष आहे."

तिचा पाय जमिनीवर गच्च दाबला गेला आणि तसाच राहिला.

"म्हणजे मी आजारी आहे?"

"आज नाही. पुढे गाठी येतील. लवकर कळलंय, त्यामुळे रक्तदाब सांभाळून, दर वर्षी तपासून बरीच वर्षं नीट जाऊ शकतात. पण तुम्हाला किडनी देता येणार नाही."

"आज चांगली आहे ना पण? परवा गुरुवार आहे. आज चांगली आहे तर घ्या की परवा!" तिचा आवाज चढला. "पुढचं पुढे बघू! तुम्हाला आणखी दोन दिवसांनी कळलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"गप्प बस," ताई म्हणाली.

"का गप्प बसू? तू..."

"मी म्हटलं ना, गप्प बस." नऊ वर्षांच्या पोरीला दटावावं तसं. धाकटी गप्प बसली आणि रडायला लागली. ताई रडली नाही. तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला कधी कळलं, बाई?"

तांत्रिक कारणाने. हे शब्द ओठांपर्यंत आले, खोटं कशाला बोलू.

"मला मागच्या सोमवारी. पण तुमच्यातला दोष सापडल्याचं पत्र मला आठ महिन्यांपूर्वी आलं होतं. मी ते उघडलंच नाही. सरांच्या पत्रांचा राग आला होता, म्हणून ती सगळी एका कप्प्यात टाकत होते, त्यात हेही गेलं. दुसऱ्या कुणाची चूक नाही."

टेबलावर ते झाड पडलं होतं, मूळ कागद, चहाच्या डागासकट. ताईचा गोल काळा. आईचा काळा. धाकटीचा रिकामा. दोष अंगात आहे पण आजार अजून दिसत नाही, तेव्हा गोलाच्या मधोमध उभी रेघ मारतात. ते त्या गेल्यावर करायचं ठरवलं होतं. पण धाकटीने कागद ओळखला, इतक्या वेळा बघितला होता तिने.

"माझं काय करतात इथे?" डोळे पुसत तिने विचारलं. मी सांगितलं. तिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच रेघ मारली. सरळ आली. माझ्याकडून इतकी सरळ आली नसती.

"मग आता माझं नाव यादीत लागणार," ताई म्हणाली.

"आजच लावलं. एकशे अठरावा नंबर आहे."

 शिवणकाम करणारी बाई, मापात फरक कुठे पडला ते तिला बरोबर कळतं. "आणि आठ महिन्यांपूर्वी लावलं असतं तर आज कितवा असता?"

आकडा कागदाच्या कडेला होता. बघायची गरज नव्हती. "सदतिसावा."

 धाकटीने माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. ताईने पर्स उचलली, धाकटीच्या शर्टाची कॉलर नीट केली, "चल" म्हणाली. दाराशी गेल्यावर वळली. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडायला हवं होतं तिने, मी तर वाटच बघत होते.

"बाई," ती म्हणाली, अगदी हळू, घरातल्या माणसाला सांगावं तसं, "पत्र आलं की उघडत जा हो."

मी हो म्हटलं.